चावी फिरवण्याआधी दहा मिनिटं



भिवंडीची गोडाऊनं असोत की चाकण, तळोजा, वाळूज, बुटीबोरीचे कारखाने, आपल्या वस्तीतली मुलं तिथे ठेकेदाराकडे राबतात. कुणी फोर्कलिफ्ट चालवतो, कुणी शेजारी माल लावतो. आपल्या आयाबहिणी तिथेच पॅकिंगला असतात. म्हणून ही माहिती ड्रायव्हरपुरती नाही, सगळ्या घरासाठी आहे.

तीन टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांहून जड असते. पुढच्या मालाचा तोल मागचं वजन सांभाळतं. माल जास्त झाला की मागची चाकं हलकी होतात. ही गाडी वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहत नाही आणि गाडी उलटते.

म्हणून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला तपासणी हवीच.

गाडी बंद असताना पाहा : फोर्क वाकलेत का, त्यांच्या कोपऱ्यात तडा आहे का? मास्टच्या दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या आहेत का? जमिनीवर तेल सांडलंय का? टायर, चाकांचे नट, डोक्यावरची जाळी, सीटबेल्ट ठीक आहेत का? किती वजन उचलायचं ती प्लेट वाचता येते का? चेन किंवा तेलाच्या पाइपाला चालू गाडीत हात लावू नका.

गाडी सुरू करून पाहा : ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, दिवे, रिव्हर्सचा आवाज. फोर्क वर-खाली करून बघा. ते आपोआप खाली येत असतील तर गाडी वापरू नका.

बॅटरीच्या गाडीत चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तिथे बिडी-सिगारेट नको. डिझेलची गाडी बंद गोडाऊनमध्ये चालली तर विषारी धूर साचतो. डोकं दुखलं, चक्कर आली, तर लगेच मोकळ्या हवेत या.

बिघाड दिसला तर चावी काढा, गाडीवर ‘बंद’ अशी पाटी लावा, रजिस्टरमध्ये लिहा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो ठेवा. "आजचा दिवस चालव" असं सुपरवायझर म्हणेल. पण न बघता ‘ठीक’वर सही केलीत, तर अपघातानंतर तीच सही तुमच्यावर उलटेल. एकट्याने बोलणं अवघड जातं. चौघं मिळून बोला. तरीही ऐकलं नाही, तर कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्याच प्रयत्नांतून. कामगाराचं शरीर मालकाच्या मशीनहून स्वस्त नाही, हा त्यामागचा विचार होता.

तथागतांनी अप्रमाद शिकवला, म्हणजे गाफील न राहणं. पाचवं शीलही इथे रोजच्या कामाचं आहे : नशेत किंवा रात्रीची उतरली नसताना फोर्कलिफ्टवर बसू नये.

घरच्यांनी आज एवढंच विचारावं : ईएसआयचं कार्ड निघालंय का? ते कुठे ठेवलंय? ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी ठेक्यावरच्या कामगारालाही तो हक्क आहे. कामावर इजा झाली तर उपचार मिळतात आणि घरी बसावं लागलेल्या दिवसांचे पैसेही मिळतात. कार्ड नसेल, तर उद्याच ठेकेदाराकडे मागा.