मोटारीतील सबवूफर : आवाज वाढविणे आणि आवाज जुळविणे

मोटारीत सबवूफर बसविल्यावर पहिले आठ दिवस धमक आवडते. पुढे डोके दुखू लागते आणि गाणे हरवून नुसती धडधड उरते. मग स्पीकरला दोष देऊन आणखी महागडा स्पीकर आणला जातो. वस्तुतः दोष बहुधा जुळणीचा असतो. प्रस्तुत लेखात लहान हॅचबॅक गाडी, डिकीत बंद पेटीतील सबवूफर आणि त्याला स्वतंत्र अॅम्प्लिफायर अशी मांडणी गृहीत धरली आहे.

प्रथम गाडीचा विचार करू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर होते. गाडीचा अंतर्भाग मात्र जेमतेम अडीच मीटर. एवढ्या जागेत लाट पसरूच शकत नाही, आतील सर्व हवा एकदम दाबली जाते व सैल होते. परिणामी स्वर जसजसा खाली जातो तसतसा दाब वाढतो. तत्त्वतः प्रत्येक सप्तकास १२ डेसिबल, प्रत्यक्षात काचा व पत्रा यांमुळे काहीसा कमी. उलट बंद पेटीतील स्पीकर एका मर्यादेखाली जवळजवळ त्याच दराने मंदावतो. दोघे एकमेकांना सावरून घेतात. म्हणून ‘बास बूस्ट’चे बटण शून्यावर ठेवावे. त्याने १२ डेसिबल वाढ मागितली, तर त्या स्वराला १६ पट शक्ती लागते आणि ती अॅम्प्लिफायरजवळ शिल्लक नसते.

यानंतर ‘गेन’. सर्वांत मोठा गैरसमज याच बटणाविषयी आहे. हे आवाजाचे बटण नव्हे. स्टीरिओकडून येणारा विद्युतदाब अॅम्प्लिफायरच्या क्षमतेशी जुळविणे एवढेच त्याचे काम. ते प्रमाणाबाहेर फिरविले, की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात, आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल तापून जळते. जुळणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. अॅम्प्लिफायर व स्पीकर यांपैकी ज्याची सलग क्षमता कमी, तो आकडा धरावा. समजा तो २२५ वॅट व रोध ४ ओहम आहे. दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ ३०, म्हणजे ३० व्होल्ट. स्पीकरच्या तारा सोडवाव्यात, स्टीरिओचा आवाज पाऊणपट करून ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून ३० आकडा दिसेपर्यंतच गेन वाढवावा.

सबवूफरचा ‘लो-पास’ आणि दारांतील स्पीकरांचा ‘हाय-पास’ हे दोन्ही गाळे सुरुवातीस ८० हर्ट्झवर ठेवावेत. तपासणीसाठी बातम्या लावाव्यात. पुरुषाच्या बोलण्यातील मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. निवेदक डिकीतून बोलत आहे असे वाटले, तर गाळा वर लागला आहे.

आता ‘फेज’. दारांतील स्पीकर हवा पुढे ढकलत असताना सबवूफर ती मागे ओढत असेल, तर ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज परस्पर विरून जातो. चालकाच्या आसनावर बसून तबल्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे व दुसऱ्यास ० आणि १८० अंश असे आलटून पालटून बदलावयास सांगावे. डग्ग्याचा घुमारा ज्या स्थितीत भरीव येतो, ती योग्य. खर्च शून्य, परंतु बहुतेक जण ही पायरी गाळतात.

सबवूफरची पातळी शेवटी आणि नेहमीच्या आवाजातच ठरवावी. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले, की हलक्या आवाजात आपला कान मंद्र स्वरांना फारच कमी दाद देतो. हळू आवाजात योग्य वाटलेला बास मोठ्या आवाजात म्हणूनच अतिरेकी होतो. प्रबळ मंद्र स्वर त्यांच्या वरच्या स्वरांना झाकतात. शब्द कळेनात म्हणून ऐकणारा आवाज आणखी चढवितो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास अशी मर्यादा सुचविली. प्रत्येक ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे ५ तास उरतात.

अखेरीस ३० ते ८० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा स्वर लावून दुसऱ्यास गाडीभोवती फिरण्यास सांगावे. खडखडाट बहुधा मागील नंबरप्लेटचाच निघतो. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवावी.