अक्षरांच्या आड दडलेले अंक

पुढील गुणाकार पाहावा:

कखगघ × ४ = घगखक

येथें प्रत्येक अक्षर एकेका अंकाच्या जागीं योजिलें आहे. चार अंकी संख्येस ४ नें गुणिलें असतां तिचेच अंक उलट क्रमानें उभे राहतात. ती संख्या कोणती?

बहुतेक मुलें कागद घेऊन अदमासानें संख्या मांडूं लागतात आणि दहा-वीस प्रयत्नांनंतर कंटाळतात. यांत त्यांचा दोष थोडा. एकं, दहं, शतं आपण त्यांजकडून पाठ करवून घेतों, पण त्याचा उपयोग क्वचितच दाखवितों. अंकाचें मोल त्याच्या स्थानावर ठरतें, एवढें ध्यानांत धरिलें तर येथें अदमासाला जागाच उरत नाहीं.

क हा हजारांच्या स्थानीं आहे. तो ३ किंवा अधिक असता, तर गुणाकार बारा हजारांवर जाऊन पांच अंकी झाला असता. म्हणून क हा १ किंवा २. परंतु गुणाकाराच्या एकं स्थानींही तोच क आहे, आणि चाराची पट नेहमीं सम असते; तेव्हां क = २. आतां गुणाकार आठ हजारांहून कमी नाहीं, म्हणून घ हा ८ किंवा ९. चार नव्वे छत्तीस, शेवटीं ६. चार आठे बत्तीस, शेवटीं २. घ = ८.

येथवर सोपें. ख व ग यांपाशीं मात्र पुष्कळ जण पुन्हा अदमासाकडे वळतात. तसें न करितां दोन्ही बाजूंची स्थानवार फोड लिहावी:

८००० + ४००ख + ४०ग + ३२ = ८००० + १००ग + १०ख + २

समान भाग वजा करून ३० नें भागलें कीं १३ख + १ = २ग एवढेंच उरतें. ग फार तर ९, म्हणून उजवी बाजू फार तर १८. ख २ झाला तरी डावी बाजू २७ होते. ख शून्य मानल्यास २ग = १, हें अशक्य. म्हणून ख = १, ग = ७. संख्या २१७८, तिची चौपट ८७१२. याखेरीज दुसरें उत्तर नाहीं, हें छातीठोकपणें सांगण्याचा अधिकार अदमासानें कधींच मिळाला नसता.

रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणितज्ञ हार्डी यांनीं १९४० सालच्या 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकांत हीच ८७१२ आणि तिच्या जोडीला ९८०१ घेतली आहे. शून्यानें संपणाऱ्या संख्या सोडल्यास, स्वतःच्या उलट संख्येची एकाहून अधिक पूर्ण पट असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. मात्र अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत विशेष गोडी नाहीं, असा त्यांचा शेरा आहे. संख्येपुरतें तें मान्य. पण 'हेंच कां, दुसरें कां नाहीं' असें विचारण्याची संवय ज्या मुलामुलींना या सदरांतच लागते, त्यांचा विचार त्या शेऱ्यांत दिसत नाहीं.

९८०१ ची उकल घरांतील मुलांवरच सोंपवावी: कखगघ × ९ = घगखक. येथें क तर पहिल्याच पावलास सांपडतो. आणि ज्यांचें तेवढ्यानें भागणार नाहीं, त्यांनीं २१७८ च्या मधोमध एक ९ घालून २१९७८ ला ४ नें गुणून पाहावें.