गुलाबी गारगोटी

आमच्या यवतमाळकडच्या शेतांत गारगोटी फुकट मिळते. वखर फिरला की काळ्या मातीतून पांढऱ्या गारा वर येतात. शेतकऱ्याला त्रास, पोरांची चैन! म्हणूनच, शहरातून गुलाबी मण्यांची माळ घेऊन आलेल्या माझ्या पुतणीने, “काका, रोझ क्वार्ट्झ म्हणजे काय हो?” असे विचारले, तेव्हा मी म्हटले, “अगं, आपली गारगोटीच ती! रंगपंचमी खेळून आलेली!”

थट्टा सोडा, पण ते खरेच आहे. सिलिकॉन एक भाग, प्राणवायू दोन भाग, एवढ्याच मसाल्यातून साधी गार, अकीक आणि हा गुलाबी स्फटिकही घडतो. मग रंग कुठून आला? २००१ साली अमेरिकन संशोधकांनी गुलाबी दगड तीव्र आम्लात विरघळवून पाहिला. दगड गेला आणि तळाशी उरले केसाहून कितीतरी बारीक गुलाबी तंतू! म्हणजे गार पांढरीच. गुलाबी आहे ते तिच्या पोटातले सूत. हे तंतू नीट ओळीने बसले असले आणि दगडाला घुमटासारखा आकार दिला, तर त्यावर सहा किरणांची चांदणीही उमटते.

“मग आपल्या शेतात शोधू या?” पुतणीचा पुढचा प्रश्न. इथे मात्र तिची निराशा करावी लागली. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्याबरोबर सिलिका झिरपली आणि गारा झाल्या. पुढे खडक झिजून माती झाला. गार झिजेना, ती तशीच राहिली. गुलाबी स्फटिकाचे माहेर निराळे. जमिनीच्या पोटात खोलवर ग्रॅनाइटचा रस थिजताना जो शेवटचा अंश उरतो, त्यातून तो होतो. ब्राझील आणि मादागास्कर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत गुलाबी खडा दिसलाच, तर तो बहुधा स्टिलबाइट असायचा. दिसायला देखणा, पण नाजूक.

पारख सोपी आहे. फुटक्या बाटलीची काच मोठ्यांकडून मागून घ्या (आजोबांचा चष्मा नको!) आणि खड्याने ओरखडा काढा. गारेची कठिणता सात, काचेची साडेपाचच्या आसपास, स्टिलबाइटची चाराच्या आतबाहेर. गार काचेवर ओरखडा काढतेच. स्टिलबाइटला ते जमत नाही. काचेच्या नकली मण्यांचेही बिंग असेच फुटते.

पूर्वी चकमकीत हाच कठीणपणा उपयोगी पडे. गार पोलादाचा कण खरवडून काढी, तो कण पेटे आणि ठिणगी कापसावर पडे. गंमत म्हणजे पोलादावाचूनही गारेतून उजेड निघतो. अमावास्येला, फटाके संपल्यावर, अंधाऱ्या खोलीत दोन पांढऱ्या गारा एकमेकींवर जोराने घासून पाहा. दगडाच्या आतच फिकट पिवळसर उजेड चमकून जातो.

पुतणीने माळ ठेवून दिली आणि गारा वेचायला धुऱ्यावर पळाली.