वाड्यांतील जुनें पेंव : त्याचें काय करावें ?

जेथें जमीन घट्ट मुरमाची, त्या गांवच्या जुन्या वाड्यांत एखादें तरी पेंव सांपडावयाचेंच. धान्य पोत्यांत व पत्र्याच्या कोठ्यांत ठेवण्याचा प्रघात पडल्यापासून हीं पेंवें रिकामीं पडलीं, कित्येकांच्या तोंडांवर फरशी बसली, आणि वडील माणसें गेल्यावर पेंव नेमकें कोठें आहे हें सांगणारेंही घरांत कोणी उरलें नाहीं. अंगणांत ट्रॅक्टरचें चाक खचतें किंवा नव्या भिंतीस तडा जातो, तेव्हां त्याची आठवण होते.

प्रथम जागा शोधावी. पहारीनें अंगण ठोकीत गेल्यास पोकळीवर आवाज निराळा येतो. पावसाळ्यांत तेथें जमीन बशीसारखी दबलेली दिसते. पेंवाचें तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढेंच असतें, परंतु पोट आंत चोहोंकडे फुगलेलें असतें. तेव्हां तोंडापासून दोन हात दूर असलेला मनुष्यही पोकळीवरच उभा असूं शकतो.

आतां मुख्य गोष्ट. बंद पेंवांतील उरलेसुरलें धान्य, कडबा व बुरशी यांच्या योगें आंतील प्राणवायु संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वायु सांचतो. पेंवांतील जोंधळ्यास कीड लागत नसे ती याच गुणानें. पण जो वायु किड्यास मारतो तो माणसासही सोडीत नाहीं. तो हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें झांकण काढलें तरी तळाशींच राहतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं.

आम्ही तहसील कचेरींत कारकून असतांना अशा एका प्रकरणाचे कागद आमच्या हातून गेले. बापानें पेंव उघडून तासाभरांत शिडी लावली. तो तळाशीं बसला तो उठलाच नाहीं. हांकेस ओ येईना म्हणून मुलगा उतरला. दोघांचीं प्रेतें दुपारीं वर काढलीं. पेंवांत काय होतें ? दोन पायली कुजका जोंधळा. पंचनाम्यांत माल म्हणून तेवढाच लिहिला होता.

जुने लोक कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आंत मृत्यु आहे हें निश्चित. परंतु तो जळत राहिला म्हणून धोका नाहीं, असें मुळींच नव्हे. सांडपाणी झिरपलेल्या पेंवांत दुसरेही विषारी वायु असतात, व कांहीं तर ज्योतीनें पेट घेतात. आमचें मत असें कीं, पेंवांत उतरूंच नये. तें भरण्यासाठीं उतरण्याचें कारणही नाहीं. कोणी आंत पडलाच, तर मागोमाग दुसऱ्यानें न उतरतां ११२ क्रमांकावर मदत मागावी.

घरापासून दूरचें पेंव असेल तर यंत्र लांब उभें करून वरचा घुमट फोडावा, आणि मुरूम थराथरानें टाकून, पाणी मारून, यंत्राच्याच सोंडेनें दाबीत यावें. उकिरडा, पाचट, कडबा मात्र भरूं नये. तें कुजून जमीन पुन्हां खचते. पेंव भिंतीखालीं गेलें असल्यास घुमटास हात न लावतां इंजिनियरास दाखवावें. तोंडांतून पातळ काँक्रीट ओतून पोकळी भरतां येते. खर्च अधिक येतो, पण भिंत वांचते. आयता खड्डा मिळाला म्हणून त्यांत संडासाचें पाणी सोडणारेही आम्हीं पाहिले आहेत; त्यांच्या शेजारच्या विहिरीचें पाणी आम्ही तरी पिणार नाहीं.

पाणी हा पेंवाचा वैरी. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीचीं पेंवें प्रसिद्ध. २००५ च्या महापुरांत त्यांत पाणी शिरून फार नुकसान झालें. म्हणून पागोळीचें पाणी भरलेल्या जागेपासून वळवावें, भराव वीतभर उंच ठेवावा, आणि दोन पावसाळे जाईपर्यंत तेथें बांधकाम करूं नये. घराच्या दोन भिंतींपासून त्या जागेचें अंतर फुटांत मोजून कागदावर टिपावें व तो कागद मिळकतपत्रिकेबरोबर ठेवावा.