15 सेंटिमीटरमधली धाव

क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज चेंडू टाकायच्या आधी किती लांबून पळत येतो, ते तुम्ही पाहिलं असेलच. सॉफ्टबॉलची पिचर मात्र एक पाऊलही पळत नाही. एका जागी उभी राहते, हात गर्रकन पूर्ण गोल फिरवते आणि कमरेजवळून, खालच्या खाली चेंडू सोडते. आणि वेग? अमेरिकेच्या मोनिका ॲबटने 2012 साली टाकलेला एक चेंडू ताशी 77 मैल, म्हणजे जवळजवळ 124 किलोमीटर वेगाने गेला. पिचर आणि फलंदाजाच्या पुढ्यातली होमप्लेट यांच्यात महिलांच्या सामन्यात अंतर असतं फक्त 43 फूट. त्यातही पिचर मोठं पाऊल टाकून पुढे गेलेली असते. त्यामुळे असा चेंडू सेकंदाच्या साधारण एक तृतीयांश वेळात फलंदाजाकडे हजर!

मग न धावता एवढा वेग येतो कुठून? सगळे म्हणतात, हातातून. हाताचं कौतुक व्हायलाच हवं, पण आज जरा खाली बघू. पायांकडे.

पिचरच्या पायाखाली रबराची एक पांढरी पट्टी जमिनीत बसवलेली असते. तिला पिचिंग प्लेट म्हणतात. डावीकडून उजवीकडे 24 इंच (61 सेंटिमीटर) आणि पुढून मागे फक्त 6 इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर. बेसबॉलच्या पिचरला उभं राहायला मातीचा उंचवटा तरी मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये तोही नाही, जमीन सपाट. वर नियमांची कटकट! महिलांच्या खेळात पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला दोन्ही पाय पट्टीला टेकलेले लागतात. काही नियमावल्या एक पाय मागे ठेवू देतात, पण आपण कडक नियमच धरून चालू. खांदे पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेत, तोंड फलंदाजाकडे, आणि थोडा वेळ अगदी स्तब्ध.

आता गंमत बघा. पट्टीला पाय टेकलेला हवा, एवढंच नियम सांगतो. पायाचा कोणता भाग टेकवायचा, ते सांगत नाही! पिचरनी ही फट बरोबर हेरली.

उजव्या हाताने टाकणारी मुलगी उजवा पाय पुढे ठेवते. त्याची फक्त टाच पट्टीवर, चवडा आणि बोटं पुढच्या मातीत. डावा पाय मागे. त्याची फक्त बोटं पट्टीच्या मागच्या कडेला टेकलेली आणि टाच पट्टीच्या पार मागे. डावखुरी असेल तर सगळं उलट. (ॲबट डावखुरीच आहे.)

याने काय होतं? एक मोजपट्टी घ्या आणि मोजा. समजा तुमचं पाऊल 22 सेंटिमीटरचं आहे. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवलेत, तर तोल न जाता शरीराचं वजन पुढे-मागे झुलवायला 22 सेंटिमीटरच जागा मिळते. पण एका पायाची टाच आणि दुसऱ्याची बोटं पट्टीवर ठेवलीत, की मागच्या टाचेपासून पुढच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर भरतं 50 सेंटिमीटरच्या आसपास. जागा दुपटीहून जास्त! वजन आधी मागच्या पायावर घ्यायचं आणि तिथून पुढच्या पायावर सरकवायचं. पिचरची धाव असते ती एवढीच. पाय जागचे हलत नाहीत, धावतं ते वजन.

ते पुढच्या पायावर पोचलं, की तो पाय जमिनीला मागे जोरात रेटतो. तुम्ही जमिनीला मागे ढकललंत, तर जमीन तुम्हाला तितक्याच जोराने पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. तेवढ्यात मागचा पाय सुटतो आणि समोर लांब पाऊल पडतं. चांगल्या पिचरचं हे पाऊल जवळजवळ तिच्या उंचीइतकं लांब असतं. ते जमिनीवर टेकलं, की पायांना ब्रेक लागतो आणि वेग वर सरकतो. पायांकडून कमरेला, कमरेकडून खांद्याला, खांद्याकडून हाताला, शेवटी मनगटाला.

उजव्या पायाचा चवडा किंचित उजवीकडे वळवून ठेवतात, त्यालाही कारण आहे. हात वर जाताना अंग तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या उजवीकडे, वळतं. पाय आधीच थोडा वळलेला असला, तर गुडघ्याला पीळ कमी पडतो. आता नेमका किती वळवायचा, यावर प्रशिक्षकांना वाद घालायला फार आवडतं. मला विचाराल तर प्रत्येकीचे पाय वेगळे, कंबर वेगळी, सगळ्यांना एकच चित्र दाखवण्यात अर्थ नाही. दोन पायांमध्ये डावी-उजवीकडे फार अंतर नको, एवढं मात्र बहुतेक जण मान्य करतील. पाय फाकले, की वजन पुढे जायच्या आधी बाजूलाच डुलत बसतं.

करून बघायचंय? जमिनीवर खडूने 61 बाय 15 सेंटिमीटरचा चौकोन काढा. जाड पट्टी नको, पाय मुरगळेल. आधी पाय शेजारी ठेवून पुढे मोठं पाऊल टाका आणि ते पडलं तिथे खूण करा. मग टाच-बोटांची युक्ती वापरून टाका. हातात मोज्यांचा गोळा असला तर फारच छान, खिडकीची काच सुरक्षित राहील.

हे सगळं एकदा जमणं वेगळं आणि दिवसभर जमणं वेगळं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने खेळून 413 चेंडू टाकले. म्हणजे 413 वेळा त्याच पट्टीवर पाय ठेवणं, थांबणं, वजन मागे, वजन पुढे! अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला 3-1 ने हरवून सुवर्णपदक जिंकलं. 13 वर्षांनी, टोकियोच्या अंतिम सामन्यातही उएनो होतीच, आणि जपान पुन्हा जिंकलं.

या सगळ्यात बिचाऱ्या बुटाचे मात्र हाल होतात. रेटा देऊन झाला, की तोच पाय अंगठ्यावर घासत पुढे ओढला जातो आणि मातीत लांबलचक रेघ उमटते. तो पाय मध्येच उचलून पुढे टेकवला आणि तिथून पुन्हा रेटा दिला, तर अंपायर चेंडू अवैध ठरवतो. म्हणून घासणं सहसा टळत नाही, आणि एकाच बुटाचं टोक झिजून भोक पडतं. त्यावर पिचरनी उपाय काढलाय. त्या एका बुटाच्या टोकाला त्या वेगळं जाड संरक्षक कवच बसवून घेतात. दुसरा बूट तसाच, नव्यासारखा.