एक पैसा, एक फुंकर आणि कंदिलाची काच

ऑफिसच्या पॅन्ट्रीतला काचेचा डबा, होटगी जंक्शनवरची हातबत्ती आणि तळेगावची शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची भट्टी. या तिघांचं नातं काय? बरंच जवळचं आहे!

दुपारी एक वाजता कुठल्याही ऑफिसच्या पॅन्ट्रीत डोकावा. मायक्रोवेव्हपुढे रांग आणि निम्म्या लोकांच्या हातात काचेचा डबा. फ्रीजमधून काढला, आत सारला, तीन मिनिटांत वरण गरम. 'प्लॅस्टिक वाईट, काच हेल्दी' हा फंडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण साध्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला तर तो टचकन तडकतो आणि हा डबा मात्र मजेत बसून राहतो, हे कसं काय? डाएटिशियनकडे याचं उत्तर नाही. ते रेल्वेच्या कंदिलात आहे.

आणि रेल्वेचा कंदील म्हटलं की माझ्यासाठी गाव एकच, होटगी. माझं आजोळ.

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालात की होटगी जंक्शन लागतं. एक लाइन वाडीकडे जाते, दुसरी विजापूर, गदगकडे. गदगची लाइन पूर्वी मीटरगेज होती. त्यामुळे ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरायचं, ट्रंका-वळकट्या सांभाळत दुसऱ्या गाडीत चढायचं, हे होटगीचं वैशिष्ट्य. माझा मामा रेल्वेत होता. घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं आणि कोपऱ्यात रेल्वेची हातबत्ती असायची. आत रॉकेलची ज्योत आणि फिरवायच्या लाल-हिरव्या काचा. आता तिची जागा बॅटरीच्या दिव्यांनी घेतली आहे, पण मामाला विचारलं तर तो अजून सांगतो, "अगं, पावसाळ्यात काच टिकली तर शपथ! वर थेंब पडला की टचकन आवाज आलाच म्हणून समज."

काच तापली, थेंब पडला...

मामाची तक्रार जगभरच्या रेल्वेवाल्यांची होती. आतून ज्योतीनं काच तापलेली, बाहेरून पाऊस नाहीतर बर्फ. तापलेली काच प्रसरण पावते, थेंब पडलेला भाग एकदम आकसतो, आणि या ओढाताणीत ती फुटते. घरातली काच फुटली तर अंधार. रेल्वेची फुटली तर मोटरमनला सिग्नल दिसत नाही. म्हणजे थेट जिवाशी खेळ.

तोड आधी जर्मनीत निघाली. येना गावात ऑटो शॉट यांनी १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा थाटली. वाळूत बोरॉनचं संयुग मिसळलं तर काच उष्णतेनं फार कमी प्रसरण पावते, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. हीच बोरोसिलिकेट काच. साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश एवढंच तिचं प्रसरण. गॅसबत्तीच्या नळ्यांसाठी ती हातोहात खपली.

मग अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं रेल्वेच्या कंदिलांसाठी तशीच काच बनवली. ती इतकी चांगली निघाली की फुटेनाच! फुटत नाही म्हटल्यावर नवी कोण घेणार? कंपनीचाच धंदा बसायची वेळ. तेव्हा या काचेचा दुसरा काही उपयोग होतो का, याचा शोध सुरू झाला. १९१३ मध्ये तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचा बूड कापून घरी नेला आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात चक्क केक भाजला. केक छान झाला, काच शाबूत राहिली. १९१५ मध्ये 'पायरेक्स' बाजारात आलं. आपल्याकडे १९६२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'बोरोसिल' या नावानं घरोघरी पोचलेल्या कंपनीनं कॉर्निंगच्याच सहकार्यानं ही काच आणली. तर तुमच्या डब्याचा खापरपणजोबा म्हणजे रेल्वेचा कंदील!

नळी नसती तर नुसता धूर

मुळात दिव्याला काच लागतेच कशाला? वारा लागू नये म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. जिनिव्हाच्या आमी आर्गां यांनी १७८० च्या दशकात गोल वातीचा दिवा केला आणि वर काचेची नळी बसवली. नळीतली तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. ज्योतीला भरपूर ऑक्सिजन मिळतो, धूर कमी, उजेड कितीतरी जास्त. काच काढली तर त्याच वातीचा काजळ ओकणारा टेंभा होतो.

हे मी पुस्तकातून नाही, आजीकडून शिकले. लोडशेडिंगच्या दिवसांत होटगीला संध्याकाळी तिची हाक यायची, "काय करायलीस गं? काच पूस की आधी!" चुलीतली राख, जुन्या धोतराचा बोळा आणि हात आत जाईल एवढा लहान पोरांपैकी एखादा, एवढी सामग्री. काच काळी राहिली की अभ्यास बुडाला.

लाख लोक, दीड हजार रुपये

आता ही काच यायची कुठून? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं. परदेशातून. दिव्याच्या काचा, बांगड्या, मणी, बाटल्या, सगळं जर्मनी-ऑस्ट्रियाकडून. इथे कारखाने निघाले नव्हते असं नाही, पण त्यातले बरेच बुडाले. महागडे परदेशी तज्ज्ञ आणावे लागायचे, आणि ते गेले की भट्टी थंड.

अशा वेळी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या डोक्यात एक कल्पना आली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. 'पैसा फंड' हेच तिचं नाव. आजच्या भाषेत क्राऊडफंडिंग, तेही विनाअ‍ॅप! तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते. गणित करून बघा. एक लाख लोकांनी पैसा दिला तर जमणार जेमतेम दीड हजार रुपये. म्हणजे किती दारं ठोठावावी लागली असतील! लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आलं.

काच बनवायला शिकवणार कोण? तर उत्तरेकडचे ईश्वरदास वार्ष्णेय. आधी जपान आणि मग अमेरिकेत एमआयटीपर्यंत जाऊन आलेला हा तरुण परत येऊन तळेगावच्या भट्टीपुढे उभा राहिला. पुढे ते उत्तरेत गेले आणि तिथेही काचेचाच उद्योग केला. पण तळेगावची खरी कमाई म्हणजे तिथे शिकलेली पोरं. देशात कुठे काचेचा कारखाना निघाला की तळेगावचा माणूस तिथे हजर. परदेशी तज्ज्ञावरचं अवलंबून राहणं सुटलं ते असं.

लोणावळा लोकलनं जाताना तळेगाव स्टेशन आपण कानात इअरफोन घालून पार करतो. पुढच्या वेळी एक नजर टाका.

प्रभाकर नावाचा सूर्य

काच शिकायला तळेगावला गेलेल्यांत श्रीपाद प्रभाकर ओगले होते. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, जर्मन-ऑस्ट्रियन माल बंद पडला आणि बाजारात मोठी पोकळी तयार झाली. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या जागेत, स्वतःचा काच कारखाना काढला. याच औंधच्या पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करांनाही जागा दिली होती. तिकडे किर्लोस्करवाडी झाली, इकडे ओगलेवाडी.

पण काच जमली म्हणजे कंदील जमला असं नाही. पत्र्याची टाकी गळता कामा नये, वात सरसर वर-खाली व्हायला हवी, दोन्ही बाजूंच्या पोकळ दांड्यांतून हवा नेमकी ज्योतीपाशी पोचायला हवी. शिवाय समोर स्पर्धक कोण? अमेरिकेच्या 'डीट्झ'सारखे कसलेले खेळाडू! आत्माराम, श्रीपाद आणि परदेशात तंत्र शिकून आलेले गुरुनाथ, या भावांनी चिकाटीनं ते जमवलं. कंदिलाला नाव दिलं 'प्रभाकर'. त्यांच्या वडिलांचं नाव आणि सूर्याचंही. ब्रँडिंगच्या क्लासला न जाता सुचलेलं इतकं चपखल नाव मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत 'प्रभाकर' म्हणजेच कंदील झाला.

फुंकर कशी मारतात?

भट्टीत वाळू, सोडा आणि चुना. जोडीला फुटक्या काचा, त्यानं मिश्रण लवकर वितळतं. तापमान १४०० अंशांच्या आसपास. त्यातून लांब लोखंडी फुंकणीच्या टोकावर मधासारखा गोळा उचलायचा, फिरवत राहायचा (थांबलात की ओघळला!), साच्यात धरायचा आणि फुंकायचं. वरचं-खालचं टोक कापून, कडा आगीवर गुळगुळीत करून काच दुसऱ्या भट्टीत हळूहळू गार होऊ द्यायची. घाई केली तर आत ताण राहतो आणि ती काच चार दिवसांनी, कुणी हात न लावता, आपोआप फुटते.

सरळ नळ्यांची गंमत वेगळीच. एकानं गोळा फुंकायचा, दुसऱ्यानं त्याचं टोक पकडून लांबच लांब पळवाटेसारख्या जागेतून मागे मागे चालत जायचं. चालण्याचा वेग हीच नळीची जाडी! अमेरिकेतल्या एडवर्ड डॅनर यांनी १९१० च्या दशकात यासाठी यंत्र काढलं आणि चालणाऱ्याची नोकरी गेली. पण नळी घेऊन बर्नरवर कलाकारी करणारे राहिलेच. जर्मनीचे गाइसलर यांनी १८५७ मध्ये नळीतली हवा जवळजवळ सगळी काढून त्यात विजेचे रंगीत खेळ केले, निऑन पाट्यांचे ते पूर्वज. ब्लाश्का पितापुत्रांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची अशी फुलं केली की खरी वाटावीत. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत बॉब स्नॉडग्रास यांनी बोरोसिलिकेट नळीला चांदी-सोन्याच्या वाफेचा रंग देत ओढायचे पाइप बनवले, त्यातून एक अख्खी कलाशाखा निघाली. २००३ मध्ये तिथल्या सरकारनं धाडी टाकून अनेकांना पकडलं, आणि आज तेच पाइप गॅलरीत मांडले जातात. नळी तीच, कधी प्रयोगशाळेत, कधी कोर्टात!

टाकी राहिली, काच गेली

होटगीचं घर आता आम्ही रिकामं करतोय. मामा सोलापुरात मुलाकडे राहायला गेला. तसंही आता 'चिमणी' म्हटलं की सोलापूरकराला दिव्याची चिमणी आठवत नाही, होटगी रोडवरच्या सिद्धेश्वर कारखान्याची आठवते, जी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली.

सामान काढताना माळ्यावर कंदील सापडला. टाकीवर 'प्रभाकर' अक्षरं अजून हाताला लागतात. जुन्या वस्तू घेणारा एक जण आला होता. त्यानं कंदील उलटासुलटा करून बघितला आणि भाव निम्मा केला. का, तर काच मूळची नाही. बरोबरच होतं त्याचं. आजी दर दोन-तीन वर्षांनी बाजारातून नवी आणायची, बहुधा फिरोजाबादची. म्हणजे ज्या काचेसाठी लोकांनी पैसा-पैसा जमवला, पोरं समुद्रापार गेली, तीच नेमकी शिल्लक नाही. पत्रा टिकला. काचेवर कुणाचं नाव नसतं आणि ती फुटायचीच असते.

भाऊ म्हणाला, देऊन टाकू, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? मामा म्हणाला, "पेटतोय का बघ आधी. पेटत असेल तर विकायचा नाही." पाच रुपयांची वात घातली, राखेनं काच पुसली, पेटवला. पेटला. सौदा तिथेच संपला.

वीकेंडला काय कराल?

ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. गावोगाव वीज पोचली, कंदिलाची गरज संपली. पण कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. कोल्हापूरकडे जाताना गाडी तिथे थांबते तेव्हा चहा घ्यायला उतरा. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना 'प्रभाकर' एवढंच म्हणून बघा, संध्याकाळ मस्त जाईल. आणि माळ्यावर कंदील सापडला तर टाकीवरचं नाव वाचा, वात बदला, टाकीत अर्ध्यापर्यंतच तेल घाला, खिडकी उघडी ठेवा आणि वात बारीकच लावा. एकदम मोठी केलीत तर काच काळी होते. पुसायचं काम मग तुमच्याच गळ्यात!