विश्वचषकाकडे जाणारी आफ्रिकेची वाट

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने ज्या महिन्यात चालू असतात, त्या महिन्यात आपल्या देशातही रात्री जागविल्या जातात. कोलकात्यात, केरळात आणि गोव्यात परदेशी संघांचे ध्वज घरांवर लागतात. परंतु त्या एका महिन्यामागे सुमारे दोन वर्षे चाललेली दुसरी एक स्पर्धा असते. कोणते संघ विश्वचषकात खेळणार हे ठरविणारी ती पात्रता-स्पर्धा होय. युरोपातल्या पात्रता-सामन्यांचे वृत्त आपल्या कानांवर थोडेफार येते. आफ्रिकेतल्या सामन्यांचे बहुधा येत नाही. वास्तविक नायजेरियाचे ओडाफा ओकोली आणि रँटी मार्टिन्स हे गोव्याच्या संघांतून खेळले आणि तेथील रसिकांना आपलेसे वाटले. पण त्यांच्या देशाला विश्वचषकात स्थान कसे मिळते, असे कोणी विचारले तर आपण बहुतेक गप्प बसू. आज त्याविषयी थोडे सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विश्वचषकात जगातील सर्वांत बलवान संघ तेवढे खेळतात, ही समजूत बरोबर नाही. जागतिक फुटबॉलची नियामक संस्था, म्हणजे फिफा, प्रत्येक खंडाला ठरावीक जागा वाटून देते; आपल्या वाट्याच्या जागांसाठी त्या त्या खंडातील देश आपापसांत झुंजतात. म्हणून आफ्रिकेच्या बाबतीत प्रश्न आधी जागांचा होता आणि मग सामन्यांचा. जागा किती, हे मैदानावर ठरत नव्हते. ते ठरत होते सभागृहात.

विश्वचषकात खेळलेला पहिला आफ्रिकी संघ ईजिप्तचा. १९३४ साली इटलीत झालेल्या स्पर्धेत तो गेला. त्यासाठी त्याला पॅलेस्टाइनच्या संघाला दोनदा हरवावे लागले, एवढेच. नेपल्स येथे हंगेरीने ईजिप्तवर ४-२ असा विजय मिळविला आणि एका सामन्यात त्यांची स्पर्धा आटोपली. त्यानंतर १९७० पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, विश्वचषकात एकही आफ्रिकी संघ दिसला नाही. त्या काळात आफ्रिकेत चांगले फुटबॉल नव्हते असे नव्हे. बहुतेक देश परक्यांच्या अमलाखाली होते, आणि जे स्वतंत्र होते त्यांच्यासाठी दारे अगदीच अरुंद होती.

१९५७ च्या फेब्रुवारीत सुदानची राजधानी खार्टूम येथे आफ्रिकी फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. ईजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे त्याचे चार संस्थापक देश. त्याच वेळी पहिली आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धाही खार्टूमला भरली. परंतु गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंचा मिश्र संघ पाठविण्यास दक्षिण आफ्रिकेने नकार दिल्यामुळे ती तीनच देशांत खेळली गेली. वर्णभेदाचा हा प्रश्न पुढे विश्वचषकाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला.

१९६६ ची स्पर्धा इंग्लंडमध्ये व्हावयाची होती. एकूण सोळा जागा. १९६४ च्या जानेवारीत फिफाने त्यांची वाटणी जाहीर केली. यजमान इंग्लंड धरून युरोपला दहा, गतविजेता ब्राझील धरून दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर व मध्य अमेरिकेला एक, आणि उरलेली एक जागा आफ्रिका, आशिया व ओशिआनिया या सर्वांना मिळून! आफ्रिकेत पहिला येणाऱ्या संघाला आशियाच्या विजेत्याशी आणखी सामने खेळावे लागणार होते. आफ्रिकेतले पंधरा देश या पात्रता-स्पर्धेत नाव नोंदवून होते. क्वामे एन्क्रुमा यांचा घाना त्या वेळी आफ्रिकेचा विजेता होता. घानाच्या क्रीडाखात्याचे प्रमुख ओहेने जान आणि इथिओपियाचे तेसेमा यिद्नेकाचेव यांनी या वाटणीविरुद्ध आवाज उठविला. त्यात भर अशी की, फिफाचे अध्यक्ष सर स्टॅन्ले राउस यांच्या भेटीनंतर दक्षिण आफ्रिकेवरील बंदी १९६३ मध्ये उठविण्यात आली होती. तिला पुन्हा बाहेर काढावयाला १९६४ चे टोकियो अधिवेशन उजाडावे लागले. पंधराही देशांनी आपली नावे मागे घेतली. आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाल्याखेरीज खेळावयाचे नाही, हा त्यांचा निर्धार होता.

या बहिष्काराची किंमत त्यांनी स्वतःच मोजली. १९६३ आणि १९६५ अशी दोन वर्षे आफ्रिकी अजिंक्यपद जिंकणाऱ्या घानाच्या त्या पिढीला विश्वचषकाचे मैदान कधीच पाहावयास मिळाले नाही. आणि त्या १९६६ च्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू कोण होता? युझेबियो. जन्माने तो मोझांबिकचा. परंतु गोवा १९६१ पर्यंत होता तसाच मोझांबिकही तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, म्हणून तो पोर्तुगालच्या संघातून खेळला. आफ्रिका त्या विश्वचषकात नव्हती असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. ती होती, पण दुसऱ्याच्या नावावर.

बहिष्काराचे फळ लवकरच मिळाले. १९७० पासून आफ्रिकेला एक हक्काची जागा देण्यात आली. त्या एका जागेसाठी मोरोक्कोला काय करावे लागले हे ऐकण्यासारखे आहे. ट्युनिसियाशी त्यांचे दोन सामने बरोबरीत सुटले. तिसरा फ्रान्समध्ये मार्सेय येथे खेळविला, तोही बरोबरीत. शेवटी नशिबाचा कौल घेऊन मोरोक्कोला पुढे पाठविण्यात आले, आणि मग नायजेरिया व सुदान यांच्याशी अखेरची फेरी खेळून तो मेक्सिकोला गेला. १९७८ मध्ये ट्युनिसियाने मेक्सिकोला ३-१ असे हरविले; विश्वचषकातील आफ्रिकेचा हा पहिला विजय. १९८२ मध्ये स्पर्धा चोवीस संघांची झाली आणि आफ्रिकेच्या जागा दोन झाल्या. कॅमेरूनने १९९० मध्ये उपान्त्यपूर्व फेरी गाठली, त्यानंतर १९९४ साठी तीन जागा मिळाल्या. १९९८ मध्ये बत्तीस संघ आले तेव्हा पाच. तरीही तुलना करून पाहावी. २०२२ च्या स्पर्धेत युरोपच्या पंचावन्न सदस्यदेशांना तेरा जागा होत्या, आफ्रिकेच्या चौपन्नांना पाच. त्याच स्पर्धेत मोरोक्कोचा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि असा पराक्रम करणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. २०२६ च्या विश्वचषकापासून संघांची संख्या अठ्ठेचाळीस करण्यात आली आणि आफ्रिकेला नऊ निश्चित जागा मिळाल्या. दहावी मिळण्याची आशा तेवढी ठेवली. २०२३ च्या जुलैत आबिजान येथे सोडत काढून चौपन्न देशांचे सहा-सहांचे नऊ गट पाडण्यात आले. गटातील प्रत्येक संघाने इतर पाचांशी दोनदा खेळावयाचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा प्रतिपक्षाच्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. २०२३ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत हे सामने चालले. गटातला पहिला संघ थेट विश्वचषकात. गुण समान झाले तर केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांमधला फरक पाहावयाचा.

ही पद्धत जुन्या पद्धतीहून न्याय्य आहे, असे मला वाटते. पूर्वी दोन सामन्यांची जोडी खेळून हरलेला संघ बाद होत असे. एक दुपार वाईट गेली की चार वर्षे वाया. दहा सामन्यांत एखादी चूक भरून काढता येते. दक्षिण आफ्रिकेने लेसोथोविरुद्ध एक खेळाडू नियमानुसार बाहेर बसवावयाचा असताना खेळविला. त्या विजयाचे तीन गुण २०२५ च्या सप्टेंबरात काढून घेण्यात आले. तरीही गटात पहिला येऊन तो संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला. आणि लहान देशांनाही या पद्धतीत वाव मिळतो. केप व्हर्दे हा अटलांटिक महासागरातील दहा बेटांचा देश. लोकसंख्या सुमारे पाच लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्याने प्राया येथे कॅमेरूनला हरविले, आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी एस्वातिनीवर ३-० असा विजय मिळवून गटात पहिले स्थान पटकावले. कॅमेरून दुसरा राहिला.

दुसऱ्या क्रमांकाच्या संघांचे काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. नऊ उपविजेत्यांतील उत्तम चार निवडून त्यांची आणखी एक स्पर्धा घ्यावयाची, असे ठरले होते. पण एरिट्रियाने सामने सुरू होण्यापूर्वीच माघार घेतल्यामुळे एका गटात पाचच संघ उरले. त्या गटातल्या संघांना दोन सामने कमी मिळणार. मग तुलना करावयाची कशी? यावर तोडगा असा काढला की, इतर गटांतील उपविजेत्यांनी शेवटच्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध मिळविलेले गुण जमेस धरावयाचे नाहीत. परिणाम पाहा. बुर्किना फासोचे एकवीस गुण होते. तळाच्या जिबूतीवरचे दोन विजय वजा होताच पंधरा उरले. नायजेरियाचे मुळात सतराच गुण. परंतु तळाच्या झिंबाब्वेशी त्यांनी दोन्ही सामने बरोबरीत सोडविले होते, त्यामुळे त्यांचे दोनच गुण गेले आणि तेही पंधरावर आले. गोलांच्या फरकावर नायजेरिया पुढे गेला आणि बुर्किना फासो घरी राहिला. दुबळ्या संघाला हरविणाऱ्यापेक्षा त्याच्याशी अडखळणाऱ्याचा येथे लाभ झाला! नियम सर्वांना सारखाच होता, हे खरे. तरीपण एरिट्रियाच्या माघारीचा भुर्दंड त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या देशाला पडला.

ते चार संघ २०२५ च्या नोव्हेंबरात मोरोक्कोत जमले. नायजेरियाने गॅबॉनला आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने कॅमेरूनला हरविले. अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी किकांवर काँगोने नायजेरियाला मागे टाकले. इतके होऊनही काँगोच्या हाती जागा आली नाही. इतर खंडांतील संघांशी मेक्सिकोत खेळण्याचा हक्क तेवढा आला. दहावी जागा ही अशी.

एवढ्यावरून सर्व उलगडा झाला असे वाटेल. पण नियमपत्रिकेत न लिहिलेले पुष्कळ काही असते. आपले मैदान, या शब्दाचाच विचार करा. घरचे प्रेक्षक, ओळखीची हवा, पायाखालची ओळखीची जमीन यांवर दुहेरी सामन्यांची सारी कल्पना उभी आहे. पण आंतरराष्ट्रीय मापदंडांना उतरेल असे क्रीडांगणच अनेक देशांपाशी नाही. त्यामुळे बेनिनचे ‘घरचे’ सामने आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला झाले आणि लेसोथोचे दक्षिण आफ्रिकेत. असे संघ कागदावर पाच सामने घरी खेळतात. प्रत्यक्षात दहाही परक्या भूमीवर.

मग प्रवास. २७ एप्रिल १९९३ रोजी झांबियाचा संघ सेनेगलविरुद्धच्या पात्रता-सामन्यासाठी लष्करी विमानाने डाकारकडे निघाला होता. गॅबॉनमधील लिब्रव्हिल येथे इंधनासाठी थांबून विमान उडाले आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. आतील तीसही जण मृत्युमुखी पडले. संघनायक कालुशा ब्वाल्या त्या वेळी हॉलंडमध्ये खेळत असल्यामुळे त्या विमानात नव्हता. त्याच्याभोवती नवा संघ उभा करण्यात आला, आणि त्या नव्या संघाने मोरोक्कोला लुसाकात हरविले. अखेरच्या सामन्यात कासाब्लांकाला बरोबरी झाली असती तरी झांबिया विश्वचषकाला गेला असता. मोरोक्कोने तो सामना १-० असा जिंकला.

आणि ज्या सुदानात आफ्रिकी महासंघाचा जन्म झाला, त्याची कथा निराळीच आहे. खार्टूमला लागूनच, नाइलच्या पलीकडच्या तीरावर, ओमडुरमन शहर आहे. तेथे २००५ मध्ये सुदानला हरवून आयव्हरी कोस्ट प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्या सामन्यानंतर दिदिये द्रोग्बा याने, सहकाऱ्यांना भोवती घेऊन, आपल्या यादवीग्रस्त देशाला शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती केली. २००९ मध्ये ईजिप्त व अल्जीरिया यांचे गुण, गोल, परस्परांतील निकाल सारेच समान झाले. कैरोत अल्जीरियाच्या संघाच्या गाडीवर दगडफेक झालेली होती, दोन्ही देशांत वातावरण तापलेले होते. तेव्हा निर्णायक सामन्यासाठी त्रयस्थ भूमी म्हणून ओमडुरमनच निवडण्यात आले. अल्जीरियाने तो सामना १-० असा जिंकला. दुसऱ्यांची भांडणे ज्याच्या अंगणात मिटविली जात, त्या सुदानात २०२३ च्या एप्रिलमध्ये यादवी पेटली. खार्टूम व ओमडुरमन ही रणभूमी बनली. देशात साखळी-सामने बंद पडले आणि राष्ट्रीय संघ परदेशी राहून सराव करू लागला.

अशा स्थितीत तो २०२६ च्या पात्रता-स्पर्धेत उतरला. त्याच्या गटात सेनेगल आणि काँगो होते. सुदानने आपले ‘घरचे’ सामने लिबियातील बेनगाझी येथे खेळले. तेथे त्याने काँगोला १-० असे हरविले आणि पुढे सेनेगलला बरोबरीत रोखले. पहिल्या चार सामन्यांनंतर दहा गुण मिळवून सुदान गटात अग्रस्थानी होता. स्पर्धा संपली तेव्हा सेनेगल पहिला आणि काँगो दुसरा होता.